मागची बाकी: चिखलात रेंगाळलेल्या लहरींची गोष्ट

 

आजची गोष्ट शेणव्यातून सुरू होते. एका फेब्रुवारीत मी मामाला बाईकवर मागे बसवलं, मुरबाडच्या रस्त्याने माळशेज घाट चढलो आणि ओतूर, आळेफाटा, नारायणगाव करत खोडदला पोचलो. विज्ञान दिनाचं प्रदर्शन होतं. तिथे ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार रेडिओ दुर्बिणी आहेत, एकूण ३०. नाव जीएमआरटी. उभारल्या त्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

दुर्बिणींजवळ फोन बंद ठेवायचा, असं कळल्यावर मामा म्हणाला, "आपल्याकडे पावसात एक काडी रेंज येत नाही, आन् हे आभाळातली रेंज शोधतायत!"

मला हसू आलं, पण प्रश्न खरा होता. आभाळातून आलेल्या सिग्नलचं एवढं काय?

१९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला केंब्रिजजवळ पहिला पल्सार सापडला. तो ठराविक वेळाने 'टिक' देणारा तारा. गंमत अशी की टिक निघते एकदम, पण पोचते तुकड्यातुकड्यांत. वरच्या फ्रिक्वेन्सी आधी, खालच्या मागून. कारण वाटेतली जागा रिकामी नाही. तिथे विरळ प्लाझ्मा आहे, सुटे इलेक्ट्रॉन आहेत. आपल्याकडे चिखलणी केलेल्या खाचरातून सगळी पोरं एकदम धावली, तर दांडगी पुढे जातात आणि बारकी मागे राहतात. तसंच. याला म्हणतात डिस्पर्शन.

हा उशीर किती? क्रॅब पल्सार सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतो. त्याची ४०० मेगाहर्ट्झची लहर १४०० च्या लहरीमागून सव्वा सेकंदाहून जास्त उशिरा येते. म्हणजे तोवर ताऱ्याच्या चाळीसेक फेऱ्या झालेल्या! सगळ्या फ्रिक्वेन्सी तशाच एकत्र केल्या तर टिक दिसणारच नाही, नुसता गाळ.

आता कॉम्प्युटरकडे वळू. १९६६ साली केन यी यांनी एक पद्धत मांडली. जागेचे बारीक चौकोनी ठोकळे करायचे आणि प्रत्येक ठोकळ्यात विद्युत व चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाने पुढे सरकवायचं. हवेत हे मस्त चालतं. पण पाणी, ओली माती, माणसाचं शरीर, प्लाझ्मा? या पदार्थांना आठवण असते. लहर येऊन गेली तरी पाण्याचे रेणू जरा वेळाने वळतात. म्हणून आत्ताचं उत्तर काढायला मागचा सगळा इतिहास लागतो. लाखो ठोकळे, प्रत्येकाचा इतिहास. मेमरी पुरणार कशी?

१९९० साली रेमंड लुबर्स आणि सहकाऱ्यांनी तोडगा दाखवला. तो किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा आहे. दुकानदार दरवेळी जुनी सगळी पानं चाळतो का? नाही. 'मागील बाकी' हा एक आकडा पुढे नेतो. पाण्यासारख्या पदार्थाची आठवण ठराविक दराने विरत जाते. म्हणून मागची बाकी त्या दराने कमी करायची, नवी नोंद मिळवायची, झालं. प्रत्येक ठोकळ्याला अख्खी वही नको, आकडा पुरतो. पुढच्याच वर्षी त्यांनी हीच युक्ती प्लाझ्मासाठी वापरली.

क्रॅब पल्सार साधारण ६५०० प्रकाशवर्षं लांब. एवढ्या अंतराचे ठोकळे कोण करणार? कुणीच नाही. तिथे उलटं काम असतं. विरळ प्लाझ्मा लहरीला काय करतो याचं सूत्र माहीत आहे, तर सिग्नलवर त्याच्या नेमकं उलट गणित चालवायचं. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टिमोथी हॅन्किन्स यांनी आणली. आपल्या जीएमआरटीवर ती निरीक्षण चालू असतानाच, म्हणजे लाईव्ह, करण्याची व्यवस्था किशलय डे आणि यशवंत गुप्ता यांनी २०१६ मध्ये मांडली.

यात पणाला काय लागलंय? जून २०२३ मध्ये जगभरातल्या गटांनी जाहीर केलं की पल्सारांच्या टिकटिकीत अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसतायत. युरोपच्या गटाबरोबर भारतीय गटाची मापं होती, जीएमआरटीची. तिथे सेकंदाच्या दहालाखाव्या भागाहूनही बारीक फरक महत्त्वाचा. वाटेतला प्लाझ्मा किंचित बदलला तरी टिक पुढेमागे होते, आणि तो फरक वजा केला नाही तर चिखलाचा उशीर आपण ताऱ्याच्या नावावर लावू. खालच्या फ्रिक्वेन्सीवर हा उशीर मोठा दिसतो, म्हणून तो नीट मोजता येतो. खोडदची ताकद तीच.

परतताना माळशेजच्या माथ्यावर चहाला थांबलो. मामाने फोन चालू केला, मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक आले. म्हणाला, "उशिरा आलं म्हणजे खोटं नाही. वाटेत काय होतं ते बघायचं."

एवढ्या वेळात मी तुम्हाला जे सांगितलं, ते त्याने एका घोटात सांगितलं.

भेटू पुढच्या भागात. रेंज असली तर!