अतिसंवाहक पट्टी : यांत्रिक ताणाचा परिणाम

ओढ, वाक किंवा पीळ पडल्यामुळे उच्च तापमान अतिसंवाहक पट्टीची प्रवाह वाहण्याची क्षमता घटते. तिच्यातील, बेडनॉर्झ व म्यूलर या संशोधकांनी 1986 मध्ये पुढे आणलेल्या वर्गातील तांबे-ऑक्साइडांची संयुगे सिरॅमिक, म्हणून ठिसूळ असतात. इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडाचे क्रांतिक तापमान सुमारे 92 के. असल्याने ते द्रव नायट्रोजनात (77 के.) विनारोध प्रवाह वाहते, पण त्याची तार ओढता येत नाही. म्हणून निकेल मिश्रधातूच्या पातळ पट्टीवर त्याचा साधारण 1 ते 2 मायक्रोमीटर जाडीचा थर चढवतात आणि वरून चांदी व तांबे देतात.

पट्टी ताणली की क्रांतिक प्रवाह, म्हणजे विनारोध वाहू शकणारा कमाल प्रवाह, आधी थोडा उतरतो आणि ओढ सैल होताच पूर्ववत होतो. इट्रियम पट्टीतील हा परिणाम व्हान डर लान व एकिन यांनी 2007 मध्ये दाखवला. लांबी साधारण 0.4 ते 0.7 टक्क्यांहून अधिक वाढली, तर थराला तडे जातात आणि गेलेली क्षमता परत येत नाही. भिवंडीच्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला की कारागिराला लगेच दिसतो. येथे तडा तांब्याखाली दडतो आणि पट्टी धडधाकट दिसत राहते. खरी अडचण हीच. मोजणीचा संकेत असा : 1 सेंमी. लांबीमागे 1 मायक्रोव्होल्ट विद्युत दाब निर्माण करणारा प्रवाह तो क्रांतिक प्रवाह. गुंडाळणीच्या आधी आणि नंतर तो मोजल्याशिवाय पट्टीवर विश्वास टाकू नये.

वाकवतानाही हाच हिशेब लागतो. 0.1 मिमी. जाडीची पट्टी 10 मिमी. त्रिज्येवर वाकवली, तर तिच्या बाहेरच्या पृष्ठावर सुमारे 0.5 टक्के ताण येतो. हा थर ताणापेक्षा दाब अधिक सोसतो, म्हणून गोल केबलींत तो आतल्या बाजूस ठेवून पट्टी गुंडाळतात. थराला काटकोनात बसणारी ओढ मात्र फार घातक : इपॉक्सीत बुडवलेले वेटोळे थंड होताना आखडते आणि थर सोलला जाऊ शकतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी इपॉक्सीऐवजी मेण वापरतात.

भिवंडीसारख्या दाट वस्तीत जाड तांब्याच्या केबलींना जागा मिळणे कठीण. तेथे अतिसंवाहक पट्टीच्या केबलींचा उपयोग होऊ शकेल. जर्मनीतील एसेन शहरात सुमारे 1 किमी. लांबीची, 10 किलोव्होल्टची अतिसंवाहक केबल 2014 मध्ये सुरू झाली. 77 के.पर्यंत थंड होताना एवढ्या लांबीचे तांबे सुमारे 3 मीटर, म्हणजे 0.3 टक्के, आखडते. दोन्ही टोके घट्ट बांधली, तर पट्टीची सहनशक्ती निव्वळ थंड करण्यातच बरीचशी खर्च होईल. म्हणून पट्ट्या मळसूत्री वळणाने गुंडाळतात, शिवाय केबलीला ढील ठेवतात.