कड्या घराच्या, झोपाळा कुणाचा?

साताऱ्यातलं घर विकायचं ठरलं, भाव ठरला, टोकनही आलं. मग घर घेणाऱ्या काकूंनी बाबांना फोनवर सहज विचारलं, "भाऊ, तो ओसरीवरचा झोपाळा घराबरोबरच येतोय ना?"

बाबा म्हणाले, "विचारून सांगतो." कुणाला विचारणार होते कोण जाणे. झोपाळा आजीचा, आणि आजीला जाऊन चार वर्षं झालेली.

मी इंजिनियर माणूस, त्यामुळे एक गूगल शीट केली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. तीन कॉलम: 'न्यायचं', 'ठेवायचं', 'ठरवू'. रविवारी रात्रीपर्यंत पहिल्या दोन कॉलमांत मिळून अकरा ओळी होत्या आणि 'ठरवू'मध्ये चौतीस. झोपाळा, स्वयंपाकघरातलं उखळ, पाटा-वरवंटा, देवघर, तुळस, भिंतीतलं फडताळ. याचं उत्तर कायद्यात असेल म्हणून शोधायला बसलो, आणि कळलं की अशा याद्या आपल्याकडे फार जुन्या आहेत.

मराठेशाहीतल्या इनामपत्रांत एक ठरलेली शब्दांची माळ येते: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप. म्हणजे जमीन देताना तिच्यातलं पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन आणि ठेवसुद्धा दिली. उद्या शेतात मोहरांचा हंडा सापडला तर तो कुणाचा, याचं उत्तर कारकुनाने आधीच लिहून ठेवलंय. ही यादी जमिनीची, त्यामुळे तिच्यात घरातली एकही वस्तू नाही. पण तिच्यामागची काळजी आमच्या शीटसारखीच: नंतर भांडण नको.

त्याहून मागे गेलं की विज्ञानेश्वर भेटतो. चालुक्यांच्या काळात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. स्थावर मालमत्तेची विक्री शास्त्राला मान्य नाही, दान मात्र मान्य आहे, असं तो सांगतो. मग ज्याला जमीन विकायचीच आहे त्याने काय करावं? तर व्यवहार दानाच्या रूपात करावा, सोबत सोनं आणि पाणी द्यावं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही सरळ पळवाट वाटली. आम्ही कोडमध्ये करतो तसला जुगाड. या मताकडे मी पुन्हा येईन.

आज आपल्याला लागू असलेली यादी इंग्रजांच्या काळातली आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ साली झाला. मुंबई इलाख्यात तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याचं कलम ८ म्हणतं की वेगळं काही ठरलं नसेल तर घराबरोबर कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घरात कायम वापरासाठी केलेल्या इतर सगळ्या वस्तू जातात. कुलूप घराचं, किल्ली घराची. पण 'इतर सगळ्या' या दोन शब्दांत आमचा अख्खा तिसरा कॉलम मावत होता.

कलम ३ थोडी मदत करतं. जमिनीला जोडलेलं म्हणजे काय, याचे तिथे तीन प्रकार आहेत: झाडासारखं रुजलेलं, भिंतीसारखं रोवलेलं, आणि अशा रोवलेल्या वस्तूच्या कायमच्या उपभोगासाठी तिला जोडलेलं. उखळाचा प्रश्न इथे मिटला. ते जमिनीत पुरलेलं होतं, फक्त तोंड फरशीच्या बरोबरीने वर. पाटा नुसता टेकवलेला, म्हणून आपला. भिंतीतलं फडताळ घराचं, आतल्या बरण्या आपल्या.

झोपाळा मात्र अडून बसला. तुळईत ठोकलेल्या लोखंडी कड्या घराच्या, हे उघड आहे. पण पितळी साखळ्या आणि सागवानी फळी?

इथे १८७२ सालचा इंग्लंडमधला एक खटला कामी येतो, हॉलंड विरुद्ध हॉजसन. एका गिरणीमालकाने गिरणी गहाण टाकली आणि पुढे त्याचं दिवाळं वाजलं. माग खिळ्यांनी जमिनीला ठोकलेले होते. ते गिरणीबरोबर गहाणदाराचे, की सुटे म्हणून इतर देणेकऱ्यांचे? न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दोन गोष्टी बघायला सांगितल्या: वस्तू किती घट्ट जोडली आहे, आणि कशासाठी जोडली आहे. त्यांची उदाहरणं मस्त आहेत. चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेल्या दगडांची भिंत जमिनीचा भाग होते. तेच दगड विक्रेत्याच्या आवारात रचून ठेवले तर सुटा मालच राहतात. जहाजाचा नांगर जमिनीत कितीही घट्ट रुतला तरी तो जहाजाचाच. माग मात्र गिरणीचे ठरले.

१९०२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर भिंतीला ठोकलेल्या भारी विणकामाच्या पडद्यांचा वाद आला. एका बाईंनी ते हयातीपुरत्या मिळालेल्या वाड्यात लावले होते. निकाल लागला की ते घराचे नाहीत. शोभेची वस्तू बघायची तर भिंतीला लावावीच लागते. तेवढ्याने ती भिंतीची होत नाही.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याच कायद्याचं कलम १०८ भाडेकरूला मोकळीक देतं: करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं काही नसेल, तर त्याने स्वतः बसवलेल्या वस्तू घर ताब्यात असेपर्यंत काढून नेता येतात, घर मात्र मिळालं होतं तसं करून द्यायचं. घर विकणाऱ्याला ही सवलत नाही. त्याने काय नेणार ते आधी लिहून ठेवलेलं बरं.

आणि 'अचल' हा शब्द फार मनावर घेऊ नये. पुण्यात केळकर संग्रहालयात मस्तानी महाल बघा. बाजीरावांनी तो कोथरूडला बांधला होता; त्याचे अवशेष उचलून आणून संग्रहालयात तो पुन्हा उभा केला. दिनकर केळकरांनी लोकांच्या घरांतून दिवे, अडकित्ते, कोरीव दारं आयुष्यभर गोळा केली. कलम ८ प्रमाणे दार घराबरोबर जातं. पण घरच पाडायचं ठरलं की दार पुन्हा सुटी वस्तू होतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दिला. आत्याने रात्री फोन केला.

"माझ्या लग्नात झोपाळा काढून माळ्यावर ठेवला होता," ती म्हणाली. "मांडवाची माणसं जेवायला बसली होती ओसरीवर. नंतर आईने स्वतः उभं राहून परत लावून घेतला."

ब्लॅकबर्न यांच्यासमोर हा पुरावा पुरला असता. घरात कार्य निघालं की झोपाळा निघायचा, उखळ कधीच नाही. म्हणजे झोपाळा सुटा, आणि आमचा.

"मग तू घेऊन जा," मी म्हणालो.

"ठाण्याच्या हॉलमध्ये? तुळई कुठंय?" ती हसली, मग गप्प झाली. "त्यांच्या घरात लहान मुलं आहेत ना रे? राहू दे तिथेच. पण कागदात घालू नका. घराबरोबर गेला असं नको व्हायला. आपण दिला असं हवं."

तेव्हा विज्ञानेश्वराची पळवाट मला पळवाट वाटेनाशी झाली. पैसे दोन्हीकडे तेच. पण आपल्या हातून जाणारी गोष्ट किमतीत बुडून गेली, की आपण समोरच्याच्या हातात ठेवली, हा फरक देणाऱ्याला कळतो. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताला तो ठाऊक असावा.

साठेखताच्या परिशिष्टात आम्ही उखळ, फडताळ, दारं आणि तुळईतल्या कड्या लिहिल्या. देव पुण्याला आले, कोनाडा तिथेच राहिला. तुळस कायद्याने रुजलेली, म्हणून घराची. आईने तिच्या मंजिऱ्या रुमालात बांधून घेतल्या.

किल्ल्या द्यायच्या दिवशी आत्या ठाण्याहून आली. तिने झोपाळ्याच्या साखळ्या चिंचेने घासून लख्ख केल्या, फळी पुसली आणि काकूंना हाताला धरून तिच्यावर बसवलं. सोनं नव्हतं, पण पाणी होतं. काकू चहा टाकायला आत निघाल्या तर आत्या म्हणाली, "बसा हो, आज मीच आणते." स्वयंपाकघरात तिने सवयीने खुंटीवरचं फडकं ओढलं, मग थबकली आणि परत खुंटीला लावलं.

शीटमध्ये 'ठरवू' आता रिकामा आहे. ती फाईल मात्र मी अजून डिलीट केलेली नाही.