लोखंडाची एक रेष

आमच्या चारठाण्याच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहतेय. एप्रिल २०२३मध्ये तिला केंद्राची मंजुरी मिळाली आणि 'कृष्णविवर' हा शब्द जिंतूरच्या बाजूलाही कानावर पडू लागला. लायगो टिपणार ती कृष्णविवरांच्या टकरीची थरथर. पण जे कृष्णविवर कुणाला धडकत नाही, नुसतं दीर्घिकेच्या मध्यभागी बसून आजूबाजूचा वायू गिळतं, त्याचं काय?

त्याचा माग लोखंडाने लागतो. त्या वायूत लोखंडाचे अणू असतात. त्यांच्यावर क्ष-किरण आदळले की ते ६.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतात. वर्णपटात तिथे एक रेष दिसते. वायू वेगाने फिरत असेल तर रेष रुंद होते, आणि कृष्णविवराच्या अगदी जवळ असेल तर गुरुत्वाकर्षण तिची ऊर्जा खाली ओढतं. म्हणजे रेषेचा आकार बघून वायू कुठे आहे ते सांगता येतं. १९९५मध्ये जपानच्या 'आस्का' उपग्रहाच्या निरीक्षणांत अशी फाकलेली रेष पहिल्यांदा स्पष्ट दिसली.

हवा क्ष-किरण अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. आपली अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ला गेली. तिच्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनली, आणि तिची माहिती वापरणाऱ्या संशोधकांना पुण्याच्या आयुकाचा मोठा आधार आहे. पण आस्का काय, अ‍ॅस्ट्रोसॅट काय, दोन्हींच्या दुर्बिणींत सीसीडी. जवळच्या आणि लांबच्या वायूच्या रेषा एकमेकींवर पडल्या, की सीसीडीला त्या नीट सोडवता येत नाहीत.

त्यावर उपाय होता कॅलरीमापक. एकेक क्ष-किरण आदळल्यावर तापमान किती कणभर वाढलं ते हा मोजतो. त्यासाठी त्याला निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम ०.०५ अंशावर ठेवावं लागतं. जपानने २०००मध्ये तो पाठवला, रॉकेटच फसलं. २००५मध्ये 'सुझाकू'वर पाठवला. काही आठवड्यांतच थंडावा देणारं हेलियम उडून गेलं. २०१६मध्ये 'हितोमी' नीट पोचला, आणि २६ मार्चला तुटला.

हितोमीची गोष्ट मी कोड लिहिणारा म्हणून पुन्हा पुन्हा वाचतो. उपग्रह स्थिर होता, पण त्याच्या प्रणालीला वाटलं की तो फिरतोय. ती नसलेली गिरकी थांबवायला गेली आणि खरी गिरकी सुरू झाली. मग सावरण्यासाठी इंजिनं पेटली, तर त्यांच्यासाठी आधी पाठवलेले आकडे चुकीचे होते आणि पुरेसे तपासलेलेही नव्हते. वेग वाढला, सौरपंखे निखळले.

तरी ७ सप्टेंबर २०२३ला 'क्रिझम' उडाला. कॅलरीमापकासमोरची झडप उघडलीच नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे क्ष-किरण बाहेरच अडले. पण लोखंडाची रेष आत पोचली. एनजीसी ४१५१ या दीर्घिकेत तिचे तीन पदर सुटे झाले: आतली तबकडी, मधले वेगवान ढग, बाहेरचं धुळीचं कडं.

आमच्याकडे कोडिंग म्हणजे पुण्यातली नोकरी. उद्या औंढ्याच्या यंत्रालाही कोड लागेल, आणि पाठवण्याआधी प्रत्येक आकडा दुसऱ्यांदा तपासणारं कुणीतरी लागेल. ते आपल्या बाजूचं का नसावं?