एचपी प्रतिमान

प्रथिनाची साखळी आपल्या ठरावीक घडीत कशी बसते, हे समजून घेण्यासाठी भौतिकीने दिलेले सर्वांत साधे प्रतिमान. अमेरिकन जैवभौतिकीविद केन डिल यांच्या १९८५ मधील सिद्धांतातून ते आकाराला आले. लाऊ आणि डिल यांनी १९८९ मध्ये ते चौकटींच्या जाळीवर मांडले. प्रथिनांतील वीस अॅमिनो आम्लांचे येथे दोनच गट उरतात : पाणी टाळणारी ‘एच’ आणि पाण्यात रमणारी ‘पी’. प्रत्येक आम्ल म्हणजे एक मणी. एका चौकटीत एकच मणी बसतो आणि साखळीत लगत नसलेले दोन एच मणी शेजारी आले की ऊर्जा ठरावीक मात्रेने घटते. नियम एवढेच.

चार मण्यांची एचपीपीएच ही साखळी घ्यावी. फिरवून किंवा उलटवून जुळणाऱ्या रचना एकच धरल्या, तर तिला पाचच आकार शक्य आहेत. त्यांपैकी एकातच दोन्ही टोके भेटतात. थंडीत हा कमी ऊर्जेचा आकार टिकतो. तापमान वाढले की उरलेले चार मोकळे आकार निव्वळ संख्याबळावर वरचढ ठरतात आणि घडी उलगडते. उष्णतेने प्रथिन का बिघडते, याचा गाभा असा कागदावर मोजून दाखवता येतो. या प्रतिमानाचे खरे मोल तेच.

मणी वाढले की मोजणी हाताबाहेर जाते. अकरा मण्यांना ५,५१३ आकार मिळतात. लांब साखळीचा किमान ऊर्जेचा आकार शोधण्याची कोणतीही झटपट सर्वसाधारण रीत ज्ञात नाही. ही समस्या ‘एनपी-कठीण’ असल्याचे १९९८ मध्ये सिद्ध झाले. शिवाय चौकटींच्या जाळीवर सम क्रमांकाच्या मण्याला केवळ विषम क्रमांकाचाच मणी शिवू शकतो. असे बंधन निसर्गात नाही. हायड्रोजन बंध आणि सर्पिल रचना तर हिशेबातच नाहीत.

तरीही मूळ कल्पना भक्कम आहे. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी पी गटातल्या ग्लुटामिक आम्लाऐवजी एच गटातले व्हॅलिन येते. तेवढ्याने ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात. प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल हेक्ट यांच्या गटाने १९९३ मध्ये केवळ एच-पीचा क्रम ठरवून, प्रत्यक्ष आम्ले मोकळी सोडून प्रथिने घडवली; त्यांतील बरीचशी अपेक्षित चार सर्पिलांच्या जुडीत दुमडली.