प्रोस्टेटचा कॅन्सर : धोका कुणाला जास्त, घरात काय विचारून ठेवायचं?

लघवी थांबत थांबत होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. गावात याला वयाचा त्रास म्हणतात आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. मूत्राशयाच्या खाली असणारी प्रोस्टेट ग्रंथी पुरुषांनाच असते, साधारण अक्रोडाएवढी. वयाबरोबर ती वाढते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण दोन्ही एकाच वयात येतात, म्हणून घोळ होतो.

कॅन्सरचा मोठा धोका वयाचाच. चाळिशीच्या आत तो क्वचित, पन्नाशीनंतर वाढत जातो.

दुसरा धोका घराण्याचा. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो. इथंच आपल्याकडे गाडी अडते. माझ्या चुलत्यांना मुतखडा आहे, असंच घरात सांगितलेलं. खरा आजार त्यांच्या दहाव्याला कळला, तेव्हा त्यांची दोन्ही पोरं पन्नाशीला टेकली होती. लाज कसली, हे मला अजून कळलेलं नाही. आई-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, तेही विचारा. बीआरसीए-२ या जनुकातला दोष आईकडूनही मुलात येतो आणि प्रोस्टेटचा धोका वाढवतो.

फवारणीचं काय? अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांत फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास 1993 पासून चालू आहे. मॅलेथिऑनसारख्या काही औषधांचा जोरात पसरणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरशी संबंध त्यात दिसला. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मॅलेथिऑन 'बहुधा कॅन्सरकारक' ठरवलं, मात्र माणसांमधला पुरावा मर्यादित असल्याचंही सांगितलं. तरी उघड्या हातानं औषध कालवू नका.

विडी-सिगारेट आणि लठ्ठपणा यांनी हा आजार जिवावर बेतण्याची शक्यता वाढते. नसबंदीची भीती मात्र मनातून काढा, तिचा ठोस संबंध सिद्ध झालेला नाही.

सुरुवातीला बहुधा काहीच जाणवत नाही. हाडात पसरला की कंबर, पाठ दुखते आणि आपण बाम चोळत बसतो. पन्नाशीनंतर, घरात कुणाला असेल तर पंचेचाळीसपासून, पीएसए या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. जंतुसंसर्गानं किंवा साध्या वाढीनंही पीएसएचा आकडा चढतो. त्यामुळे रिपोर्ट वाढीव आला म्हणून लगेच हाय खाऊ नका. कॅन्सर आहे की नाही हे ग्रंथीचा तुकडा काढून तपासल्यावरच पक्कं कळतं.