धूर, मायलेज आणि टू-स्ट्रोक

टू-स्ट्रोक गाड्या आपल्याकडून का गेल्या असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "प्रदूषणामुळे सरकारने बंद केल्या." मला हे अर्धंच खरं वाटतं. कायदा आला तोवर निकाल बराचसा लागला होता, आणि तो लावला होता मध्यमवर्गाच्या महिनाअखेरच्या हिशेबाने.

आधी थोडं तांत्रिक. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये जर्मनीत फोर-स्ट्रोक इंजिन चालवून दाखवलं. मिश्रण आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. पिस्टनच्या चार खेपा, क्रॅंकचे दोन फेरे, आणि त्यात ताकद देणारी खेप एकच. बाकी तीन म्हणजे नुसतं घरकाम. ही उधळपट्टी लोकांना खटकली नसती तरच नवल. ड्युगल्ड क्लर्कने लगेचच प्रत्येक फेऱ्याला पेट घेणारं इंजिन करायला घेतलं, पण त्याला मिश्रण ढकलायला वेगळा पंप लागायचा. खरी युक्ती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डेची. १८९१ च्या पेटंटात त्याने पिस्टनखालची क्रॅंककेसच पंप म्हणून वापरली. पुढे तर ना झडपा उरल्या, ना कॅमशाफ्ट. सिलिंडरच्या भिंतीत भोकं, आणि ती उघडझाप करणार स्वतः पिस्टन.

किती सुंदर! पण यात एक गोची आहे. नवं मिश्रण आत येण्याचं भोक आणि जळलेला वायू बाहेर जाण्याचं भोक काही क्षण एकदमच उघडी असतात. (आमच्या धंद्यात याला रेस कंडिशन म्हणतात, आणि ती सापडली की रविवार गेला.) मग ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं, कधी कधी आलेल्यातला तिसरा हिस्सा सुद्धा. शिवाय क्रॅंककेस पंपाच्या कामात अडकलेली, म्हणून तिथे ऑइल भरून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि जाळून टाकायचं. तो निळा धूर त्याचाच.

तरीही हे इंजिन आपल्याला मानवलं. सुटे भाग कमी, किंमत कमी, आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुपारभरात हेड उघडून कार्बन खरवडून, सायलेन्सर जाळून गाडी परत देणार. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा केली, करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीतून चेतक आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. जावा-येझदी टू-स्ट्रोक, राजदूत टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक म्हणजे बुलेट, म्हणजे फौजी किंवा हौशी माणसाचं काम.

१९८५ मध्ये दोन गाड्या आल्या. यामाहाची आरएक्स १००: ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक. आणि हिरो होंडाची सीडी १००: जवळपास तेवढ्याच सीसीची, फोर-स्ट्रोक, ताकद सात-साडेसात. पोरांनी कुठली पसंत केली ते सांगायला नकोच. पण सीडीची जाहिरात होती 'फिल इट, शट इट, फरगेट इट', आणि लिटरला ऐंशीचा दावा. स्कूटर त्याच्या निम्म्यावर आली तरी नशीब. जे पेट्रोल टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून उडत होतं, ते इथे घरखर्चात वाचत होतं. नोकरदार माणूस ताकदीवर पाणी सोडायला एका पायावर तयार झाला.

कायदा मागाहून घट्ट होत गेला. दुचाकींची कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १९९६ मध्ये किलोमीटरला ४.५ ग्रॅम होती, २००० मध्ये ती २ झाली, २००५ मध्ये १.५. आरएक्स १०० तर १९९६ लाच थांबली. इतरांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावून काही वर्षं तग धरला.

या सगळ्यात भरडला गेला तो रिक्षावाला. "इंजिनाला बरं" म्हणून जास्तीचं सुटं ऑइल ओतायची सवय त्याचीच, आणि दिवसभर त्या धुरात बसणाराही तोच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीतल्या १९९० पूर्वीच्या रिक्षा बदलून स्वच्छ इंधनावर आणायला सांगितलं. हवा सगळ्यांची, पण नव्या रिक्षाचा हप्ता एकट्याचा. त्यात बऱ्याच सीएनजी रिक्षांचं इंजिन टू-स्ट्रोकच राहिलं. गॅस भरला तरी ऑइल जळतंच, आणि पेट्रोलऐवजी आता मिथेन न जळता निसटतो. इंधन बदललं, भोकं तीच!

गंमत म्हणजे जगातली सगळ्यात मोठी इंजिनं आजही टू-स्ट्रोकच आहेत. कंटेनर जहाजांवरची, कित्येक मजले उंच. ती डिझेल पद्धतीची असतात, त्यामुळे सिलिंडर धुऊन काढायला नुसती हवा सोडतात आणि भोकं बंद झाल्यावरच इंधन फवारतात. निसटायला काही उरतच नाही, आणि इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा कामाला येते. स्कूटरवरही थेट फवारणी बसवता आली असती, पण मग ती स्वस्त राहिली नसती.