दिरहमची चांदी आणि व्हायकिंगांची कडी

व्हायकिंग म्हटले की शिंगांचे शिरस्त्राण घातलेला लुटारू डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र व्हायकिंगांच्या काळातील नाही. १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट येथे वाग्नरच्या संगीत नाटकांसाठी कार्ल एमिल डोपलर यांनी केलेल्या वेशभूषेमुळे ते रूढ झाले. व्हायकिंगकालीन थडग्यांत असे शिरस्त्राण मिळालेले नाही. मिळाली आहे ती चांदी, आणि तिचा इतिहास अधिक उद्बोधक आहे.

नवव्या-दहाव्या शतकांत स्कँडिनेव्हियातील व्यापारी नद्यांच्या मार्गाने फर, तलवारी व गुलाम घेऊन पूर्वेकडे जात आणि अब्बासी व सामानी टांकसाळींतील दिरहम घेऊन परतत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज येथे १९९९ साली सापडलेल्या ठेव्यात सुमारे ६७ किलो चांदी होती. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी, बहुतेक सर्व इस्लामी, व ४८६ कडी होती.

या लोकांत नाण्याचे मोल छापावर नव्हे, तर वजनावर ठरे. कारागीर दिरहम मुशीत वितळवून लगड ओतीत, ती ठोकून कडे घडवीत व त्यावर ठशांनी नक्षी उठवीत. गरज पडली की त्याच कड्याचा तुकडा तोडून तोलून दिला जाई. कडे हा दागिनाही होता आणि रोकडही. बगदादहून ९२१ साली निघालेल्या वकिलातीतील इब्न फदलान याने पुढील वर्षी व्होल्गाकाठी रूस व्यापारी पाहिले. पतीजवळ दहा हजार दिरहम जमले की तो पत्नीस गळ्यातील एक कडे करून देतो, अशी त्याची नोंद आहे.

आधुनिक काळात या कलेला नवे जीवन मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतील वास्तुशिल्पींनी राष्ट्रीय भावनेतून लाकडी इमारतींच्या छपरांवर ड्रॅगनची मुखे बसविली. ब्लूटूथचे चिन्हही डेन्मार्कचा राजा हाराल्ड याच्या नावाच्या दोन रून अक्षरांपासून बनले आहे. मात्र याच वारशाचा गैरवापरही झाला. नाझींनी रून चिन्हे एस. एस. दलाच्या गणवेशावर घेतली आणि हा वारसा शुद्ध उत्तरी वंशाचा म्हणून मिरविला. समरकंद व ताश्कंदच्या नाण्यांतून घडलेली कडी हा दावा खोटा ठरवितात.

अतिउत्साह दुसऱ्या बाजूनेही झाला. व्हायकिंगांच्या थडग्यांतील विणलेल्या पट्ट्यांवर ‘अल्लाह’ व ‘अली’ ही नावे असल्याचा दावा २०१७ साली उप्साला विद्यापीठातून मांडला गेला. मुस्लिम वाचकांना तो सुखावणारा होता. परंतु इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मल्डर यांनी त्यास आक्षेप घेतला. त्या वळणाची चौकोनी कूफी लिपी पुढील शतकांत प्रचारात आली, असे त्यांनी निदर्शनास आणले. नाझींचा दावा ज्या कसोटीवर टिकत नाही, तीच कसोटी येथेही लावली पाहिजे. दोन्ही समाजांचा संबंध सिद्ध करण्यास वादग्रस्त वाचनाची गरज नाही. त्यासाठी स्पिलिंग्जची नाणी व कडी पुरेशी आहेत.